सूप नितळ का, सूप गढूळ का?

व्हिएतनामी फो या नूडल सूपचं पाणी इतकं नितळ असतं की वाडग्याचा तळ दिसतो. जपानच्या क्युशू बेटावरचं तोन्कोत्सु सूप मात्र दुधासारखं पांढरं, आणि त्यात दुधाचा थेंबही नसतो. फोला बहुधा गाईची हाडं लागतात, तोन्कोत्सुला डुकराची. पण हा फरक हाडांनी पडत नाही, आचेने पडतो.

हाडांत, कूर्चेत आणि सांध्यांच्या चिवट पट्ट्यांत कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं. त्याचा रेणू तीन पदरी दोरासारखा वळलेला. गरम पाण्यात हा पीळ हळूहळू सुटतो आणि त्याचं जिलेटिन होतं. सूप ओठांना किंचित चिकटतं, थंड झाल्यावर थलथलीत जमतं, ते या जिलेटिनमुळे. पीळ सुटायला ६०-७० अंश सेल्सिअसला सुरुवात होते, पण तिथे फार वेळ जातो. ९० ते ९५ अंशांवर काही तासांत काम होतं. म्हणजे जिलेटिनसाठी खळखळ उकळीची गरजच नाही.

उकळी वेगळंच काम करते. वितळलेल्या चरबीचा वर तवंग येतो आणि उसळणारं पाणी तो फोडून पुन्हा आत घुसळतं. एरवी चरबी परत वर आली असती. पण जिलेटिन प्रत्येक बारीक थेंबाला वेढून बसतं आणि थेंबांना एकत्र येऊ देत नाही. असे असंख्य थेंब प्रकाश विखुरतात, म्हणून सूप पांढरं दिसतं. दुधाचा पांढरेपणाही बराचसा अशाच विखुरण्यातून येतो. तोन्कोत्सु करणारे म्हणूनच पातेलं दहा-बारा तास रटरटत ठेवतात आणि पाणी आटेल तसं उकळतं पाणी घालत जातात. फोच्या पातेल्यात हेच घडलं, तर सूप फसलं.

फोसाठी २ किलो हाडं आधी वेगळ्या पाण्यात ५ ते १० मिनिटं जोरात उकळतात. रक्त आणि पाण्यात विरघळणारी प्रथिनं गोठून करडा फेस वर येतो. ते पाणी टाकून द्यायचं, हाडं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायची, पातेलंही घासायचं. हा टप्पा टाळून नंतर कितीही फेस काढला तरी पाण्यात बारीक कण राहतातच. मग ६ लिटर ताजं पाणी घालून आच अशी ठेवायची की काठाशी एखाद-दुसरा बुडबुडा फुटेल, बस्स. सहा ते आठ तास झाकण अर्धवटच ठेवावं. घट्ट लावलं की त्याच आचेवर पाणी नकळत उकळायला लागतं. कांदा आणि आलं थेट जाळावर, साल काळी पडेपर्यंत भाजून घालतात. चक्रीफूल, दालचिनी शेवटच्या तासातच घालावं. सुरुवातीपासून राहिलं तर सूपला औषधाचा वास येतो.

घाई असेल तर प्रेशर कुकर वापरायला हरकत नाही, उलट तो चांगलाच. आत दाब टिकून असेल तर १०० अंशांच्या वर जाऊनही पाणी खळखळत नाही, त्यामुळे सूप नितळ राहतं. मात्र दाब आपोआप उतरू द्यावा. शिटी उचलून वाफ सोडली की आतलं पाणी एकदम उसळतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

गढूळ झालेलं सूप सुधारण्याची फ्रेंच रीत कॉन्सोमे या नितळ सूपची. १ लिटर गार सूपमध्ये दोन अंड्यांचा पांढरा बलक आणि शंभरेक ग्रॅम बिनचरबीचा खिमा कालवून मंद आचेवर ठेवायचं. साधारण ५० अंशांपर्यंत ढवळत राहायचं, नाहीतर बलक तळाला लागतो. नंतर डाव अजिबात घालायचा नाही. साठीच्या पुढे बलक गोठू लागतो, कण जाळ्यात पकडतो आणि सायीसारखा थर होऊन वर येतो. त्याला एक भोक पाडून तासभर मंद शिजवायचं आणि त्या भोकातूनच पळीने काढून फडक्यातून गाळायचं. बलक थोडी चवही ओढून घेतो; खिमा ती भरून काढतो.

दाशी या जपानी पायाभूत सूपला उकळीचं वावडंच आहे. १ लिटर पाण्यात १० ग्रॅम कोंबू हे वाळवलेलं समुद्रशैवाल ६० अंशांवर तासभर ठेवतात. त्यावरची पांढरी पूड धुवायची नाही, तिच्यात चव असते. कोंबूतला ग्लुटामेट हा चव देणारा घटक रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये टोकियोत वेगळा केला आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. पाणी उकळू दिलं तर शैवालातले चिकट अल्जिनेट सुटतात, दाशी बुळबुळीत आणि उग्र होते. म्हणून कोंबू आधी काढून पाणी तापवायचं, आच बंद करून वाळवलेल्या बोनिटो माशाचे २०-३० ग्रॅम पापुद्रे घालायचे आणि एक-दोन मिनिटांत गाळायचं. चोथा पिळायचा मोह आवरावा. पिळला की माशाचा वास उतरतो. माशातला इनोसिनेट हा तसाच चवीचा घटक आणि कोंबूतला ग्लुटामेट एकत्र आले की चव दोघांच्या बेरजेपेक्षा कितीतरी पट वाढते. इतक्या कमी वेळात इतकी भरीव चव देणारं दुसरं सूप शोधून सापडणं कठीण.

युक्रेनच्या बोर्श्च या बीटच्या सूपमध्ये आचेइतकाच क्रम महत्त्वाचा. बीटचा लाल रंग बेटानिन या रंगद्रव्याचा. किंचित आंबट पाण्यात तो टिकतो, लांबलेल्या उकळीत तपकिरी पडतो. म्हणून बीट किसून, चमचाभर व्हिनेगर घालून वेगळं परततात आणि अगदी शेवटी सूपमध्ये सोडतात. पण तेच आम्ल भाजीच्या पेशींना जोडणारं पेक्टिन घट्ट धरून ठेवतं. आंबट पाण्यात टाकलेला बटाटा अर्धा तास उकळूनही मधून कच्चाच राहतो. तेव्हा बटाटा आधी पूर्ण शिजवायचा, सुरी सहज आत गेली पाहिजे. बीट, टोमॅटो, व्हिनेगर त्यानंतर.