प्रोजेक्टर घ्यायला येताना खोली मोजून आणा

दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला, "प्रोजेक्टर केवढ्याला?" आमचा उलटा प्रश्न, "खोली केवढी? खिडक्या कुठल्या बाजूला?" काही जण वैतागतात. पण हे कळल्याशिवाय मशीन सांगणं म्हणजे पाय न बघता चप्पल देणं.

आधी उजेडाचं बोलू. प्रोजेक्टरला काळा रंग पाडता येत नाही. काळं दाखवायचं असेल तिथे तो उजेड टाकत नाही, एवढंच. त्यामुळे भर दुपारी उघड्या खिडकीसमोर पडदा पांढरा दिसत असेल, तर सिनेमातली अंधारी रात्रही तेवढीच पांढरी दिसणार, मशीन कितीही भारी असो. घरी दिवे मालवून बघायचं असेल तर १००० ते १५०० एएनएसआय लुमेन (ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड) पुरतात. ट्यूबलाइट चालू ठेवून मीटिंग घ्यायची किंवा मुलांनी समोर बघून वहीत उतरवायचं, तर ३००० च्या खाली उतरू नका. 'एएनएसआय' हा शब्द मात्र शोधा. स्वस्तातल्या डब्यावर नुसतं '९००० लुमेन' छापलेलं असेल तर त्या आकड्यावर जाऊ नका.

अंतराचा हिशोब सोपा आहे. १०० इंची पडदा साधारण सव्वासात फूट रुंद भरतो. मशीनचा थ्रो रेशो, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या किती पट अंतरावर मशीन ठेवायचं तो आकडा, १.५ असेल तर रुंदीला त्याने गुणा, जवळजवळ ११ फूट लागतात. दहा बाय दहाच्या खोलीत तो बसतच नाही. तिथे जवळूनच मोठं चित्र पाडणारं शॉर्ट थ्रो मशीन घ्या नाहीतर पडदा लहान करा. मशीन तिरकं ठेवून कीस्टोनने चित्र चौकोनी करता येतं, पण त्यात बारीक अक्षरं फिसकटतात. एक्सेलचा तक्ता दाखवायचा असेल तर नेटिव्ह रिझोल्युशन, म्हणजे मशीन स्वतः पडद्यावर पाडतं ते ठिपके, १९२० बाय १०८० बघा. 'फोर-के सपोर्ट'चा अर्थ मशीन तो सिग्नल घेतं इतकाच, तेवढे ठिपके पडद्यावर पडतील असं नाही.

आता आपल्या भागाचं. बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत ४० अंशांपर्यंतच्या तापमानात वापरा, असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे बाहेरच पारा त्याच्या वर जातो, मग पत्र्याखाली काय होत असेल! त्यामुळे पत्र्याला चिकटवून टांगू नका आणि मागची-बाजूची जाळी मोकळी ठेवा. धुळीच्या बाबतीत आमचीच एक चूक सांगतो. एका जिनिंगच्या ऑफिसात आम्ही एलसीडी मशीन बसवलं आणि फिल्टर साफ करायचं सांगायला विसरलो. तीन महिन्यांनी फोन आला, "चित्र मंद झालं हो, अन् मधेच बंद पडतंय." फिल्टर काढला तर त्यावर कापसाच्या तंतूंची गादीच बसलेली. ब्रशने झाडलं, मशीन चालू झालं. तेव्हापासून बिलावरच लिहून देतो: दर पंधरा दिवसांनी फिल्टर.

बल्बवाल्या मशीनला लाइट जाण्याचा फटका जास्त बसतो. बंद करताना बल्ब गार होईपर्यंत पंखा चालावा लागतो. लाइट अचानक गेली की पंखाही थांबतो आणि तापलेला बल्ब तसाच राहतो. यूपीएस लावाच. बल्ब साधारण ४००० तास चालतो असं धरा. घरी रोज दोन तास वापरलात तर पाच वर्षं निघतात. लातूरच्या एखाद्या क्लासमध्ये तोच रोज आठ तास जळाला तर ५०० दिवसांत संपतो. म्हणून क्लासवाल्या सरांना आम्ही महाग असलं तरी बल्बऐवजी लेसर असलेलं, २०,००० तासांचं मशीनच सुचवतो. घरच्यासाठी तेवढा खर्च करू नका, उरलेल्या पैशात चांगला स्पीकर घ्या. आतल्या स्पीकरवर गच्चीवरची मॅच ऐकू येत नाही.

डेमो मोफत आहे. येताना भिंतीची रुंदी, समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर आणि छताची उंची लिहून आणा, खोलीचा मोबाइलवर फोटोही काढा. घरासाठी घेणार असाल तर संध्याकाळी सातनंतर या. ऑफिससाठी असेल तर दुपारी बाराला या, शटर पूर्ण वर करून दाखवतो.