ऑनलाइन फिटनेस कोचिंग : नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रियांसाठी

प्रशिक्षक एका गावी, शिकणारी दुसऱ्या गावी आणि मध्ये मोबाइल, अशा रीतीने व्यायाम, आहार व झोप यांची आठवड्यागणिक आखणी करून देणारी सशुल्क सेवा. व्यायामाचे व्हिडिओ फुकट आणि मुबलक मिळत असल्याने नुसत्या व्यायामप्रकारांना येथे फारशी किंमत नाही. पैसे मोजले जातात ते आखणी त्या बाईच्या दिनक्रमात बसवून घेण्यासाठी, आणि पाहुणे, परीक्षा किंवा आजारपणाने घडी मोडली की ती पुन्हा बसवण्यासाठी.

महाराष्ट्रात ही पद्धत रुळली ती कोविडकाळात. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या व्यायामशाळा राज्यात २५ ऑक्टोबर २०२० रोजी, दसऱ्याला उघडल्या. मधल्या सात महिन्यांत प्रशिक्षकांनी वर्ग झूमवर आणि हिशेब व्हॉट्सअ‍ॅपवर नेले. जिम उघडल्यावर पुरुष ग्राहक बऱ्याच प्रमाणात परतले. अनेक स्त्रियांना मात्र जाण्यायेण्याचा वाचलेला तास सोडवेना.

वेळेचा प्रश्न

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८. मुले व वृद्धांच्या देखभालीची मिनिटे वेगळी : स्त्रिया १३७, पुरुष ७५. पण खरी अडचण वेळ कमी असण्यापेक्षा तो तुटक असण्याची आहे. सकाळी डब्याआधी वीस मिनिटे, दुपारी दहा, रात्री ओटा आवरल्यावर पंधरा, असा तो मिळतो आणि त्यातही कुकरची शिट्टी, दूधवाला, शाळेचा फोन आडवा येतो. म्हणून सलग तासाची आखणी कागदावर कितीही शास्त्रशुद्ध असली तरी तिसऱ्या आठवड्यात बंद पडते. जाणता कोच पहिल्याच संभाषणात 'किती वेळ आहे' असे न विचारता 'कोणत्या वीस मिनिटांत तुम्हाला कोणी हाक मारत नाही' असे विचारतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी येथे कामी येतात. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा, असे त्या सांगतात. एका वेळी किमान दहा मिनिटे सलग चालले पाहिजे, ही जुनी अटही त्यांत नाही. स्टेशनपर्यंतची भरभर चाल हिशेबात धरता येते.

सेवेचे प्रकार

तीन प्रकार प्रचलित आहेत. थेट वर्गात ठरल्या वेळी सगळ्याजणी पडद्यावर जमतात; झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांत तुटत असल्याने बरेच छोटे वर्ग तेवढ्यातच बसवलेले असतात. दुसऱ्या प्रकारात अ‍ॅपवर किंवा साध्या एक्सेल तक्त्यावर आठवड्याची आखणी येते, बाई सवडीने व्यायाम करून चित्रफीत पाठवते आणि कोच नंतर तपासतो. तिसरा प्रकार या दोहोंचा मेळ. वेळ तुटक असलेल्यांना दुसरा प्रकार मानवतो. स्वतःहून सुरुवातच होत नाही त्यांना पहिला. वीस-पंचवीस जणींच्या थेट वर्गात कोच सूचना देत राहतो, पण कोणाचा गुडघा आत वळला हे त्याला दिसत नाही, एवढे लक्षात ठेवूनच तो घ्यावा.

नोंदणीची चौकशी

आखणीआधी प्रश्नावली भरून घेतात. तीत छातीत दुखणे, चक्कर, रक्तदाब, मधुमेहाची औषधे, सांध्यांची दुखणी, शस्त्रक्रिया, बाळंतपणे आणि पाळीची माहिती असते. इन्शुलिन किंवा साखर खूप खाली नेणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय उपाशीपोटी व्यायाम देत नाहीत. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घेऊन पुढे अर्धा ते एक तास चहा-नाश्ता टाळायचा असतो. तोच अर्धा तास व्यायामाला लावता येतो. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र तिच्यापासून चार तास लांब.

हिमोग्लोबिनचा प्रश्न हमखास विचारावा, आणि नेमका तोच राहून जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप लागते, तिसऱ्या सेटला (एकच हालचाल न थांबता ठरावीक वेळा करणे म्हणजे एक सेट) डोळ्यांपुढे अंधारी येते, तिला 'स्टॅमिना वाढवा' सांगून उपयोग नाही, आधी रक्ततपासणी.

बाळंतपणानंतर चालणे, श्वसन आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम लवकर सुरू होऊ शकतात. वजने साधारण सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर, सिझेरियन असेल तर टाके पाहून. धावणे-उड्या सहसा तीन महिन्यांनी. शिंकताना वा उडी मारताना लघवी निसटत असेल तर ते कोचला सांगायला बायका संकोचतात, म्हणून हा प्रश्न छापील प्रश्नावलीत असलेला बरा. अशा बाईला जंपिंग जॅक देत राहिल्यास त्रास वाढतो.

व्यायामाची आखणी

नवशिकीसाठी आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येकी ३० ते ३५ मिनिटे ताकदीचा व्यायाम आणि रोजची चाल एवढे पुरते. एका दिवसात पाच हालचाली येतात : बसणे-उठणे, कमरेतून वाकून उचलणे, ढकलणे, ओढणे आणि पोट ताठ धरणे. प्रत्यक्षात ते असे दिसते. डंबेल छातीशी धरून स्क्वॉट ८ ते १० वेळा, तीन सेट. दोन डंबेल मांड्यांलगत घेऊन पाठ सरळ ठेवत कमरेतून वाकणे, १० वेळा, तीन सेट. ओट्यावर हात टेकून पुश-अप, ८ वेळा, तीन सेट. खुर्चीला एक हात टेकून दुसऱ्या हाताने डंबेल कमरेकडे ओढणे, प्रत्येक बाजूला १०. शेवटी पाठीवर झोपून विरुद्ध हात-पाय लांबवण्याचा डेडबग. दोन सेटमध्ये ६० ते ९० सेकंद विश्रांती. वेळ कमी पडला तर हालचाल गाळू नये, प्रत्येकीचा एक सेट कमी करावा. कोणत्याही एका दिवशी १५ मिनिटांत उरकता येईल अशी 'छोटी आवृत्ती' आखणीसोबत लिहून दिलेली असली की खाडा पडत नाही.

जोर किती लावायचा याचे माप सोपे आहे. सेट संपला तेव्हा आणखी दोन किंवा तीन वेळाच नीट जमले असते, असे वाटले पाहिजे. आणखी दहा वेळा जमले असते तर वजन हलके. घरच्या व्यायामात सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच : दोन किलोचे गुलाबी डंबेल वर्षभर तेच राहतात. स्नायूंना वाढता भार लागतो. पण घरी ५ किलोवरून थेट ७.५ वर जाणे म्हणजे दीडपट उडी, म्हणून आधी ८ चे १२ करायचे, मग खाली येताना तीन सेकंद लावायचे आणि तेही सोपे झाले की वजन बदलायचे. डंबेल घेईपर्यंत पाण्याने भरलेली पाच लिटरची कॅन पाच किलोची असते, आणि पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाची पिशवी चालते. साडेपाच-सहा आठवड्यांनी शरीराला विसावा म्हणून एक आठवडा सेट निम्मे करतात. बऱ्याच कोचना हा आठवडा पाळीच्या पहिल्या दिवसांशी जुळवून देता येतो, पण पाळीत व्यायाम बंदच ठेवावा असे काही नाही.

उड्यांचे अतिवेगवान व्यायाम रोज देण्याची टूम आहे. घाम भरपूर येतो, ग्राहक खूश होते, आणि दीड महिन्यात टाचा किंवा गुडघे बोलू लागतात. इमारतीत खालच्या मजल्यावरचे त्याआधीच बोललेले असतात.

चित्रफीत पाठवताना फोन कमरेच्या उंचीवर, अडीच-तीन मीटर लांब आणि अंगाच्या तिरक्या बाजूला ठेवावा. समोरून काढली तर पाठीचा बाक दिसत नाही, अगदी बाजूने काढली तर गुडघे दिसत नाहीत. पहिला सेट न पाठवता शेवटचा पाठवावा, कारण चूक थकल्यावर होते. सैल कुर्ता कमरेशी खोचून घ्यावा. गुळगुळीत फरशीवर स्वस्त मॅट घसरते. पुश-अपला ती काढून ठेवलेली बरी.

आहार

वेगळा स्वयंपाक करावा लागेल असा आहारतक्ता घरात टिकत नाही. सासूबाईंना मऊ भात, मुलाला पराठा आणि स्वतःला उकडलेली ब्रोकोली, हे कोणी किती दिवस करणार? चांगली आखणी घरच्या ताटातच फेरफार करते : भात अर्धी वाटी, उसळ दोन वाट्या, जेवणाआधी कोशिंबीर.

पहिला फेरफार बहुधा प्रथिनांचा असतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे ५५ किलोच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. वजनांचा व्यायाम करताना कोच सहसा किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरतात, म्हणजे ६० किलोला ७२ ते ९६. दोन पोळ्यांतून सुमारे ७ ग्रॅम, ३० ग्रॅम मुगाच्या उसळीतून ७, पेलाभर दुधातून ८, दोन अंड्यांतून १२, १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ आणि ५० ग्रॅम सुक्या सोयावड्यांतून २६ मिळतात. पोहे-चहा, पोळी-भाजी आणि वरण-भात अशा दिवसात ही बेरीज चाळिशीपलीकडे मुश्किलीने जाते. आमटी पातळ असेल तर वाटीभर पिऊनही डाळ चमचाभरच पोटात गेलेली असते.

दुसरा प्रश्न तेलाचा. 'फोडणीला किती घालता' याचे उत्तर कोणालाच येत नाही; 'महिन्याला तेल किती आणता' याचे लगेच येते. चौघांच्या घरात पाच लिटर लागत असेल तर माणशी रोज सुमारे ४१ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ ३४५ किलोकॅलरी. चार लिटरवर आणले की ताटात काहीही न बदलता माणशी सत्तरेक किलोकॅलरी कमी होतात.

उपवास हा मराठी ग्राहकांच्या आखणीतला कायमचा विषय. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. खिचडीतली प्रथिने येतात ती दाण्याच्या कुटातून. भगर आणि दाण्याची आमटी, सोबत दही, ही जोडी बरी. नवरात्रातले नऊ दिवस धरणाऱ्या स्त्रीला त्या काळात वजने वाढवायला सांगू नये, आहे तेवढी राखावीत. सरसकट १२०० किलोकॅलरींचा तक्ता मात्र धोक्याची खूण आहे : पहिल्या पंधरवड्यात काटा झरझर उतरतो, मग केस गळणे, पाळी लांबणे, चिडचिड आणि रात्री डबे धुंडाळणे.

साप्ताहिक चेक-इन

सेवेचा कणा हाच. ठरलेल्या दिवशी, बहुधा रविवारी, ग्राहक सात-आठ बाबी कळवते : व्यायामाचे किती दिवस झाले, प्रत्येक प्रकारात किती वजन व किती वेळा, पावले, झोपेचे तास, वजनाची सरासरी, कंबर, भूक, आणि पुढच्या आठवड्यात काय अडथळे आहेत. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. बुधवारी मुलाचा पेपर, शुक्रवारी महिनाअखेरीचे काम, शनिवारी लग्न असे कळले तर कोच तीनचे दोन दिवस करतो आणि लग्नातल्या जेवणाचा हिशेब आधीच मांडतो.

वजन सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी, आठवड्यातून तीन-चारदा पाहून सरासरी काढतात. पाळीआधी अंगात पाणी साचून काटा एक-दोन किलो वर जाऊ शकतो, म्हणून या आठवड्याची तुलना गेल्या आठवड्याशी न करता मागच्या पाळीचक्रातल्या त्याच आठवड्याशी करावी. हे न सांगितल्याने महिन्यातून एकदा उगाच निराश होऊन सोडून देणाऱ्या पुष्कळ. कंबर बेंबीच्या पातळीवर, श्वास सहज सोडून मोजतात. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही सावधतेची रेषा मानली जाते. आठवड्याला पाव ते अर्धा किलो घट पुष्कळ झाली. वजन हलले नाही पण कंबर दोन सेंटिमीटर उतरली आणि स्क्वॉटचे वजन वाढले, तर आखणी बदलायची नसते.

चेक-इनचे उत्तर पाहून कोचची पारख होते. 'छान, असेच चालू ठेवा' हे उत्तर सलग तीन आठवडे आले तर समोर माणूस वाचत नाही असे खुशाल समजावे. एक कोच एकट्याने शंभर ग्राहक घेत असेल तर दुसरे काही संभवतही नाही.

परदेशातील मराठी स्त्रिया पुण्या-मुंबईचे कोच घेतात तेव्हा घड्याळाचा घोळ होतो. न्यू जर्सीत रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात भारतात पहाटेचे साडेपाच. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे मागे गेली की साडेसहा. ठरलेला वर्ग कोणाच्या घड्याळाने चालेल हे आधी लिहून घ्यावे, नाहीतर मार्च आणि नोव्हेंबरात एकेक वर्ग बुडतो.

पात्रता, पैसे आणि खासगीपणा

प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आणि आपल्यासारख्या स्थितीतल्या, उदाहरणार्थ पाळी थांबलेल्या किंवा पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार) असलेल्या, स्त्रियांचा अनुभव विचारावा. मधुमेह किंवा मूत्रपिंडाच्या आजारातला आहार फिटनेस कोचने ठरवायचा नसतो. तिथे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ लागतो. स्वतःच्याच कंपनीची पावडर घेणे सक्तीचे असेल तर ती कोचिंग नव्हे, विक्री.

शुल्क तीन महिन्यांचे एकदम घेण्याची प्रथा आहे, कारण ताकदीतला बदल दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तरी पहिला महिना सुटा घ्यावा आणि आजारपणात सदस्यत्व किती दिवस थांबवता येते ते लेखी मागावे. आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. १५,००० रुपयांपर्यंतची अशी कपात दरवेळी ओटीपी न मागता होते, म्हणून सेवा सोडताना कोचला निरोप देऊन भागत नाही, बँकेच्या किंवा यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ती परवानगी रद्द करावी लागते.

'आधी-नंतर'ची छायाचित्रे काढायची तर चेहरा वगळून काढावीत. ती कोचला पाठवणे आणि जाहिरातीत वापरू देणे या दोन वेगळ्या संमती आहेत. दुसरी न देताही सेवा मिळायला हवी, आणि सेवा संपल्यावर छायाचित्रे खोडून टाकल्याचा लेखी निरोप मागून घ्यावा.