सायकसच्या मुळांवरच्या त्या गाठी कापू नका

मे संपत आला, कुंड्या बदलायची लगबग सुरू झाली की हा प्रश्न येतोच. यंदा तो बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकूंनी फोटोसकट पाठवला. "सायकसच्या मुळांना गाठी आल्यात. कीडच असणार ना? माळी म्हणतोय, कापून टाकतो आणि बुरशीनाशक लावतो." सायकस म्हणजे पामसारखं दिसणारं, टोकदार पानांचं शोभेचं झाड. फोटोत ते कुंडीतून काढलेलं होतं. बुंध्याला लागून, मातीच्या अगदी वरच्या थरात, तपकिरी खडबडीत झुपके. प्रत्येक मूळ टोकाशी दुभंगलेलं, त्या दोन फाट्यांना पुन्हा दोन-दोन फाटे. आणि सगळी टोकं वर, उजेडाच्या दिशेने.

माळीदादांना थांबवा, एवढं आधी कळवलं. बाकीचं इथे लिहितो, कारण असे झुपके कापून कचऱ्यात जाताना बऱ्याच घरांत पाहिलेत.

ही सायकसची प्रवाळमुळं. पोवळ्यासारखी दिसतात म्हणून हे नाव. त्यातला एखादा तुकडा सुटून हाती आलाच, तर ब्लेडने आडवा कापून पाहा. पांढरट गरात एक निळसर-हिरवं कडं दिसेल. मातीत गाडलेल्या मुळात हिरवा रंग आला कुठून? तो मुळाचा नाहीच. तिथे नोस्टॉक नावाचे नील-हरित जीवाणू राहतात. पहिल्या पावसानंतर ओल्या जमिनीवर काळपट-हिरव्या जेलीचे गोळे पसरतात ना, तेही नोस्टॉकच.

हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. झाडाला तो तसा वापरता येत नाही. आपल्या बडोद्याच्या फर्टिलायझरनगरात हा बंध तोडून अमोनिया बनवतात. त्या प्रक्रियेला चारशे-पाचशे अंश तापमान आणि वातावरणाच्या शेकडो पट दाब लागतो. नोस्टॉक तेच काम कुंडीतल्या तापमानाला, नायट्रोजनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने करतो. या विकराच्या गाभ्यात लोह आणि मॉलिब्डेनम असतं. काम फुकट होत नाही: नायट्रोजनच्या एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाचलनाचे, किमान 16 रेणू खर्ची पडतात.

आता खरी गंमत. नायट्रोजनेजला ऑक्सिजन चालत नाही, तो लागला की विकर निकामी होतो. आणि नोस्टॉक तर प्रकाशसंश्लेषण करून स्वतःच ऑक्सिजन सोडणारा जीव! त्याने तोडगा काढलाय तो कामाच्या वाटणीचा. नोस्टॉकच्या पेशी माळेसारख्या एकापुढे एक असतात. त्यातल्या काही पेशी हेटेरोसिस्ट बनतात. त्या स्वतःभोवती जाड भिंत चढवतात, ऑक्सिजन तयार करणारी यंत्रणा, म्हणजे प्रकाशप्रणाली-2, मोडीत काढतात आणि फक्त नायट्रोजन बांधतात. अशा पेशीचं पुन्हा विभाजन होत नाही. शेजारच्या पेशी तिला साखर पुरवतात, ती त्यांना नत्र, म्हणजे वापरता येईल अशा रूपातला नायट्रोजन, देते. मोकळ्या नोस्टॉकमध्ये साधारण दहा-बारा पेशींमागे एक हेटेरोसिस्ट असते. सायकसच्या मुळात, विशेषतः मुळाच्या जुन्या भागात, हे प्रमाण कितीतरी वाढतं. तिथे उजेड नाही, म्हणून अन्न सायकस देतो आणि बदल्यात ग्लुटामिनसारख्या रूपात नत्र घेतो.

तूर-भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी शाळेत शिकलोय. त्या रायझोबियम जीवाणू आल्यावर बनतात. सायकस ही प्रवाळमुळं नोस्टॉक यायच्या आधीच तयार ठेवतो. सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या, गाठी निराळ्या. त्या खाली जाणाऱ्या साध्या मुळांवर फुगवट्यासारख्या येतात, त्यांना असे दुभंगलेले झुपके नसतात आणि आत हिरवं कडंही नसतं.

म्हणून सायकसला मूठ-मूठ युरिया घालू नका. त्याला खरी अडचण होते ती काळ्या मातीची. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि बुंधा खालून कुजतो. ओरसंग नदीची जाडी वाळू, विटांचे बारीक तुकडे, थोडं जुनं शेणखत आणि नावापुरती माती एवढं पुरे. बुंधा मातीच्या वर राहू द्या आणि वरचा थर बोटाने कोरडा लागल्याशिवाय पाणी घालू नका. बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातलं की नवी पानं पिवळी, आखूड, करपल्यासारखी वेडीवाकडी येतात. तो मँगनीजचा तुटवडा असतो. माती अल्कधर्मी झाली की मँगनीज असूनही मुळांना उचलता येत नाही. थोडं मँगनीज सल्फेट द्यावं. बिघडलेली पानं काही सुधारत नाहीत, पुढची नीट येतात.

नर्सरीवाले सायकस "डायनोसॉरच्या काळातलं झाड" म्हणून विकतात. घराणं तेव्हाचं आहे, हे खरं. पण 2011 साली सायन्स नियतकालिकात आलेल्या जनुकीय अभ्यासानुसार आजच्या बहुतेक जाती साधारण 1 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी फुटल्या. बालासिनोरजवळच्या रैयोलीत ज्यांची हाडं सापडली, ते डायनोसॉर त्याच्या पाच कोटी वर्षं आधीच संपले होते. आणि तो पामही नव्हे. पामला फुलं येतात, सायकसला शंकू.

वास्तुवाले टोकदार पानांचं झाड दारात नको म्हणतात. दिशेचा काही संबंध नाही, पण घरात रांगतं मूल किंवा कुत्रा असेल तर सायकस खरोखरच हाताशी ठेवू नये. त्याच्या सगळ्या भागांत सायकॅसिन हे विष असतं, बियांत तर सर्वांत जास्त. कुत्र्याने एखाददोन बिया चघळल्या तरी यकृत निकामी होऊन ते दगावू शकतं.

काकूंच्या झाडाला आता पानांचा नवा फेर येईल. त्यावर एक छोटं निळं फुलपाखरू, प्लेन्स क्युपिड, अंडी घालतं. त्याच्या अळ्या फक्त कोवळी पानं खातात आणि चार दिवसांत अख्खा फेर फस्त करतात. मधल्या गाभ्याभोवती मुंग्यांची ये-जा दिसली तर अळ्या असल्याचं समजावं, कारण अळीच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या तिची राखण करतात. कोंब दिसताक्षणी मच्छरदाणीचा तुकडा सैलसर बांधून ठेवायचा. पानं कडक झाली की अळ्यांना ती चावता येत नाहीत, मग जाळी काढली तरी चालते.