चायना ग्रास: ना चीनचं, ना गवत

किराणा दुकानात चायना ग्रास मागितलं की पांढऱ्या, चुरगळलेल्या दोऱ्यांचं एक पाकीट हातात पडतं. वजन नाही, वास नाही, चव नाही. 10 ग्रॅम लिटरभर दुधाला पुरतं. गार दुधात टाकलं तर दोरे आहेत तसेच तरंगत राहतात. आधी पाण्यात भिजवून मग खळखळून उकळावे लागतात, तेव्हा कुठे विरघळतात. पण एकदा ते दूध ताटात ओतलं की फ्रिजचीही गरज नाही. ओट्यावरच अर्ध्या-पाऊण तासात गोठतं आणि वड्या पाडता येतात.

हे गवत नव्हे, समुद्रातलं लाल शेवाळ. ‘अगर-अगर’ हे त्याचं दुसरं नाव मलय भाषेतलं, आणि वाळवून ठेवायची युक्ती जपानची. ‘चायना’ हा शब्द बहुधा चिनी व्यापाऱ्यांमुळे चिकटला असावा.

जपानात या शेवाळाची जेली फार पूर्वीपासून खात. पण ती ताजी असेपर्यंतच. दोन दिवसांत नासायची. पुढची गोष्ट 1658च्या सुमाराची सांगतात. क्योतोजवळच्या फुशिमीत मिनो तारोझाएमोन नावाचा खाणावळवाला होता. एका सरदाराच्या मुक्कामात उरलेली जेली त्याने थंडीत बाहेर टाकून दिली. रात्री ती गोठली, दिवसा वितळली, आणि काही दिवसांनी तिथे नुसतं कोरडं जाळं उरलं. ते उकळून पाहिलं तर पुन्हा जेली झाली, तीही आधीपेक्षा स्वच्छ. गोष्टीत मीठमसाला असेलही, पण कृती खरी आहे. गोठताना पाण्याचा बर्फ वेगळा होतो, आणि दिवसा तो वितळून वाहताना शेवाळाचा रंग आणि वास घेऊन जातो. नागानो प्रांतातल्या चिनो गावात आजही भात कापून रिकाम्या झालेल्या शेतांत हिवाळ्यात जेलीच्या लाद्या मांडून ठेवतात. जपानी लोक या वाळवणाला ‘कांतेन’ म्हणतात, म्हणजे थंड आकाश. पाकिटावर हेच नाव असतं तर किती बरं झालं असतं!

कांतेनने जपानी मिठाई बदलली. ‘योकान’ या शब्दाचा चिनी लिपीतला मूळ अर्थ मेंढीच्या मटणाचा रस्सा. मांस न खाणाऱ्या बौद्ध भिक्षूंनी तो लाल चवळीसारख्या अझुकी डाळीवर आणला. पुढे ती डाळ वाफवून गोड वडी झाली, आणि कांतेन आल्यावर साखर घालून आटवलेली, सुरीने गुळगुळीत कापता येणारी आणि बरेच दिवस टिकणारी.

नंतर हे वाळवण पार जर्मनीतल्या प्रयोगशाळेत पोचलं. 1881 साली वॉल्टर हेस हे डॉक्टर जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम करत होते. जंतू वाढवायला तेव्हा जिलेटिन वापरत. ते शरीराच्या तापमानाला, 37 अंशांना, पातळ होई. शिवाय काही जंतू त्यालाच खाऊन त्याचं पाणी करत. उन्हाळ्यात तर वैतागच. हेसनी बायकोला विचारलं, तुझी जेली आणि पुडिंग या उकाड्यात टिकतात कशी? फॅनी हेस न्यू यॉर्कमध्ये जन्मलेल्या. जावा बेटावर राहून आलेल्या एका डच शेजाऱ्यांकडून अगर घालायची रीत त्यांच्या घरात आली होती.

अगर 85 अंशांच्या आसपास वितळतं, पण गोठायला 40च्या खाली यावं लागतं. एकदा गोठलं की 37 अंशांना त्याला काही होत नाही. जिलेटिन हे प्रथिन, अगर ही साखरेच्या रेणूंची लांब साखळी, म्हणून बहुतेक जंतूंना ते पचत नाही. स्वयंपाकघरातही हाच फरक दिसतो. कच्चं अननस जिलेटिनच्या जेलीत घातलं तर ती गोठतच नाही, कारण अननसातलं एन्झाइम प्रथिन तोडतं. चायना ग्रासच्या पुडिंगचं ते काही बिघडवू शकत नाही. किंमत मात्र जिभेला मोजावी लागते: जिलेटिन तोंडात विरघळतं, चायना ग्रास चावावं लागतं. मला ते ठिसूळ तुटणंच आवडतं, पण घरात माझ्या बाजूने कोणी नाही.

कॉखनी 1882च्या क्षयाच्या जंतूवरच्या लेखात अगरचा ओझरता उल्लेख केला; हेस दांपत्याचं नाव नाही. 1887 साली कॉख यांचे सहायक पेट्री यांनी जंतू वाढवायची झाकणाची बशी आणली, आणि तिला त्यांचं नाव मिळालं. तिच्यात घातलेल्या अगरला फॅनींचं नाव कोणी दिलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात जपानकडून येणारा माल थांबला, तसे न्यूझीलंडपासून कॅलिफोर्नियापर्यंत लोक किनाऱ्यावर शेवाळ वेचू लागले. औषधांच्या कारखान्यांना आणि दवाखान्यांना अगर हवं होतं. आपल्याकडचं अगरचं शेवाळ मुख्यतः तमिळनाडूत, मन्नारच्या आखातात मिळतं. रामेश्वरमच्या बाजूच्या कोळणी डोळ्यांना गॉगल, बोटांना चिंध्या आणि पायांना पत्र्याच्या चकत्या बांधून बुडी मारतात आणि प्रवाळाच्या खडकांवरून ते हाताने खुडतात. 1986 साली तिथल्या 21 बेटांचं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं, आणि पिढ्यान्‌पिढ्या जिथे बुडी मारली तिथेच जायला त्यांना मनाई झाली.