पिंजऱ्यातल्या सॅमनला रंग येतो कुठून?

सॅमनचे केशरी-गुलाबी मांस पाहिले की तो रंग माशाच्या अंगचाच असेल असे वाटते. पण ज्या अ‍ॅस्टाझँथिन या रंगद्रव्यामुळे हा रंग येतो, ते सॅमनला स्वतः तयार करताच येत नाही. समुद्रात सूक्ष्म शैवाले कॅरोटिनॉइड गटातली रंगद्रव्ये बनवतात. कोपेपॉडसारखे चिमुकले कवचधारी जीव ती खाऊन त्यांचे अ‍ॅस्टाझँथिन करतात आणि अशा जीवांवर पोसलेल्या सॅमनच्या स्नायूंत ते साठते. मत्स्यशेतीत, पाण्यातल्या जाळीच्या पिंजऱ्यात वाढणाऱ्या सॅमनला हे भक्ष्य मिळत नाही. त्याच्या खाद्यात रंगद्रव्य घातले नाही तर मांस फिकट, राखाडीकडे झुकणारे राहते.

म्हणून खाद्यात अ‍ॅस्टाझँथिन मिसळतात. बहुतेक वेळा ते कारखान्यात बनवलेले असते, काही वेळा हिमॅटोकोकस नावाच्या शैवालातून किंवा फॅफिया या यीस्टमधून काढलेले. यावरून ‘रंगवलेला मासा’ म्हणून नाक मुरडणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही, कारण हे द्रव्य माशाला फक्त दिसण्यापुरते लागत नाही. सॅमन त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतो. स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरण रोखायलाही ते मदत करते, आणि सॅमनच्या शरीरात चटकन ऑक्सिडीकरण होणारी मेदाम्ले भरपूर असतात. अंडी घालायची वेळ आली की मादीच्या स्नायूंतले रंगद्रव्य अंड्यांकडे जाऊ लागते, मांस फिकट होते आणि अंडी लालसर केशरी. नॉर्वेत 1990च्या दशकात सॅमनच्या पिल्लांवर प्रयोग झाले. किलोमागे साधारण 5 मिलिग्रॅमपेक्षा कमी अ‍ॅस्टाझँथिन असलेल्या खाद्यावर त्यांची वाढ खुंटली, 1 मिलिग्रॅमच्याही खाली गेल्यावर पिल्ले मोठ्या संख्येने दगावली. निव्वळ शोभेचा पदार्थ कमी पडला म्हणून असे घडत नाही.

मात्र मर्यादा लागतेच. खाद्यात वापरल्या जाणाऱ्या कँथाझँथिन या जवळच्या रंगद्रव्याचे स्फटिक माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर साठू शकतात, हे लक्षात आल्यावर युरोपीय संघाने सॅमनच्या खाद्यातली त्याची कमाल मात्रा 2003 मध्ये किलोमागे 80 वरून 25 मिलिग्रॅमवर आणली.

सगळ्या माशांचे गणित सारखे नसते. गोल्डफिश आणि कोई झिॲझँथिन या पिवळ्या रंगद्रव्यापासून स्वतः अ‍ॅस्टाझँथिन बनवू शकतात, त्यामुळे झिॲझँथिन असलेले स्पिरुलिना हे नीलहरित शैवाल घातलेल्या खाद्यावरही त्यांचा रंग खुलतो. उलट कॅटफिशला मक्यातली पिवळी रंगद्रव्ये जास्त मिळाली की मांसावर पिवळट झाक येते. ग्राहकाला ती नको असते, म्हणून खाद्यातला मक्याचा ग्लुटेन बेताने वापरावा लागतो.

आणि काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, मासा स्वतःच बनवतो. उथळ पिंजऱ्यातल्या रेड सी ब्रीम या लाल माशाची कातडी उन्हाने काळवंडते. अशा वेळी खाद्यातले अ‍ॅस्टाझँथिन एकटे पुरत नाही, पिंजऱ्यावर सावलीसाठी कापडही ताणावे लागते.