मोठ्या फाइल कॉपी करताना प्रोसेसर शंभर टक्क्यांवर गेला, तर
(आमच्याकडून लिनक्सचे संगणक घेतलेल्या ग्राहकांसाठी)

लग्नसराई लागली की नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या स्टुडिओंतून हमखास फोन येतात. शूटिंग बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकायला लावलं की पंखा घोंघावतो, माउस अडकतो, प्रोसेसर शंभर टक्के दिसतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत बॅकअप घेणाऱ्यांचीही हीच तक्रार. मग कुणीतरी सल्ला देतं, प्रोसेसर बदला. तो खर्च करण्याआधी पाच मिनिटं काढून नेमकं काय चाललंय ते बघा.

कॉपी चालू असतानाच टर्मिनल (आदेश लिहायची खिडकी) उघडा, इंग्रजी लहान अक्षरांत टॉप लिहा आणि एंटर दाबा. वरच्या भागात टक्केवारीची एक ओळ असते. त्यात यूएस म्हणजे प्रोग्रॅमनी खाल्लेला वेळ, एसवाय म्हणजे खुद्द कर्नलनं (लिनक्सच्या गाभ्यानं) घेतलेला, आणि डब्ल्यूए म्हणजे प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट बघतोय तो वेळ. डब्ल्यूए मोठा असेल तर प्रोसेसरचा काही दोष नाही, डिस्क किंवा केबल मंद आहे. लोड ॲव्हरेजही (चालू आणि खोळंबलेल्या कामांचा सरासरी आकडा) अशा वेळी चढतो, कारण डिस्कसाठी खोळंबलेली कामंही लिनक्स त्यात धरतं. आणि खालच्या यादीत एखाद्या नावासमोर 100 दिसलं, तर तो एकाच कोअरचा (प्रोसेसरच्या आतल्या एका स्वतंत्र भागाचा) हिशेब असतो. कीबोर्डवर 1 दाबा, प्रत्येक कोअर वेगळा दिसेल. चारांतले तीन बहुधा निवांत असतात.

आता यादीत सर्वांत वर कोण आहे ते बघा. तिथे ‘माउंट डॉट एनटीएफएस’ असेल तर दुखणं सापडलं, आणि आमच्या पाहण्यात सर्वाधिक वेळा हेच सापडतं. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच बाहेरच्या डिस्क विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या असतात. लिनक्स ती वर्षानुवर्षं कर्नलबाहेरच्या एका प्रोग्रॅममार्फत उघडत आलं आहे. त्यामुळे फाइलचा प्रत्येक तुकडा कर्नलकडून त्या प्रोग्रॅमकडे आणि तिथून परत कर्नलकडे जातो, आणि या ये-जा करण्यातच एक कोअर पुरता गुंततो. 2021 मध्ये आलेल्या 5.15 कर्नलपासून एनटीएफएससाठी कर्नलच्या आतलाच ड्रायव्हर आहे, तो बराच हलका पडतो. पण कर्नल नवं असूनही काही मशीनवर डिस्क जुन्याच वाटेनं उघडते. ती सेटिंग आम्ही बदलून देतो.

डिस्क फक्त लिनक्सवरच वापरणार असाल तर सरळ ईएक्सटी4 या लिनक्सच्या पद्धतीनं फॉरमॅट करा. विंडोजवरच्या एडिटरकडेही न्यायची असेल तर एक्सफॅट चालेल, मात्र त्यात जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) नसतं, त्यामुळे मध्येच ओढून काढलेली डिस्क जास्त लवकर बिघडते. फॅट32 नको, त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसलं जाणं, तेव्हा आधी डेटा दुसरीकडे ठेवा.

यादीत ‘केक्रिप्टडी’ दिसलं तर डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे. दुसऱ्या पिढीचे डेस्कटॉप आय3 आणि त्या काळचे पेन्टियम, सेलेरॉन यांत एन्क्रिप्शनसाठीच्या खास सूचना नाहीत, म्हणून तिथे भार जाणवणारच. इथे मात्र प्रोसेसर बदलण्याचा विचार रास्त आहे. ‘ट्रॅकर’, ‘बालू’ किंवा ‘थंबनेलर’ दिसलं तर नव्या फाइलची यादी आणि छोटी चित्रं बनवणं चालू आहे. कॉपी होईपर्यंत फोल्डरची खिडकी बंद ठेवा. नेटवर्कवरून आरसिंक या कॉपीच्या आदेशानं व्हिडिओ पाठवत असाल तर झेडचा (-z, म्हणजे डेटा दाबून पाठवण्याचा) पर्याय काढा. एमपी4 आणि जेपीजी आधीच दाबलेले (कॉम्प्रेस केलेले) असतात, ते पुन्हा दाबण्यात प्रोसेसर फुकट राबतो.

पोर्टही तपासा. यूएसबी 2 वर प्रत्यक्षात सेकंदाला 30-40 एमबी मिळतात, म्हणजे 100 जीबीला पाऊण ते एक तास. यूएसबी 3 चं पोर्ट बहुधा आतून निळं असतं.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. कॉपीची पट्टी सुरुवातीला भरभर पळते आणि शेवटी अडून बसते. लिनक्स डेटा आधी रॅममध्ये घेतं आणि मागून डिस्कवर उतरवतं, म्हणून असं होतं. कधी पट्टी संपते, खिडकी बंद होते, तरी डिस्कवरचं लिहिणं चालूच असतं. तेव्हा केबल ओढलीत तर गेलेली फाइल कुणाच्या तरी हळदीची, सप्तपदीची असते, आणि ती परत शूट करता येत नाही. इजेक्ट करा, ‘आता काढू शकता’ असा निरोप येईपर्यंत थांबा, आणि कॅमेऱ्याचं कार्ड त्याच दिवशी पुसू नका.

एवढं करूनही मशीन अडत असेल, किंवा डीमेसेज (dmesg) या कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या आदेशात डिस्कच्या नावानं पुन्हापुन्हा ‘एरर’ किंवा ‘रिसेट’ दिसत असेल, तर कॉपी थांबवा. डिस्क किंवा केबल जायला आली असण्याची शक्यता असते, आणि पुन्हापुन्हा प्रयत्न करून ती आणखी खचते. टॉपच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि डिस्क, तिची केबल व चार्जर असेल तर तोही घेऊन दुकानात या.