लेकी बोले, सुनेला लागेना

स्टीफन कोल्बेर या अमेरिकी विनोदवीराने 2005 ते 2014 अशी नऊ वर्षं टीव्हीवर एक सोंग वठवलं. कट्टर उजव्या, स्वतःवर बेहद्द खूश असलेल्या निवेदकाचं. पाहुणा आधीच टेबलाशी येऊन बसलेला असे. मग कोल्बेर स्वतःच धावत तिथे जाई आणि पाहुण्याच्या वाट्याच्या टाळ्या झेलत राही. तोंडी स्तुती बुश सरकारची, फटके मात्र त्याच सरकारला. लेकी बोले सुने लागे, यातलाच प्रकार. पण सुनेला ते लागलं का?

ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं. निष्कर्ष 2009 साली छापून आले. 332 जणांना त्यांचा राजकीय कल विचारला आणि कार्यक्रमातला एक तुकडा दाखवला. कोल्बेर विनोदी आहे, यावर दोन्हीकडच्यांचं एकमत. मतभेद झाले ते त्याच्या मनात काय आहे यावर. उदारमतवाद्यांना ते निखळ सोंग वाटलं. पुराणमतवाद्यांचा कल मात्र असा, की हा थट्टेचा नुसता आव आणतोय, आतून आपल्यातलाच आहे!

उपरोधात खरं म्हणणं ओठांवर येतच नाही, ते ऐकणाऱ्याने जुळवून घ्यायचं असतं. धो धो पावसात शेजारी “काय लख्ख ऊन पडलंय” म्हणाला, तर आपण हसतो, कारण दोघंही भिजत असतो. राजकारणात असा सामाईक पाऊस नसतो. मग बोलणाऱ्याचा हेतू ओळखायला हाताशी उरतं ते ज्याचं त्याचं मत, आणि मोकळी जागा त्यानेच भरली जाते.

हे काही कोल्बेरपासून सुरू झालं नाही. 1971 साली सीबीएस या अमेरिकी वाहिनीवरच्या विनोदी मालिकेत आर्ची बंकर हे पात्र अवतरलं, काळे, ज्यू, बायका, सगळ्यांवर तोंडसुख घेणारा बाप. निर्मात्यांना पूर्वग्रहांची टर उडवायची होती. 1974 मध्ये विडमर आणि रोकीच या संशोधकांनी अमेरिकेतली किशोरवयीन मुलं आणि कॅनडातली प्रौढ माणसं यांची पाहणी केली, तर मनात पूर्वग्रह जास्त असलेल्यांना आर्चीचंच म्हणणं पटत होतं. मला हे वाचून हसू आलं आणि थोडी धास्तीही वाटली.

‘टुनाइट शो’ या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचा निवेदक जॉनी कार्सन याने ही कटकट ठेवलीच नव्हती. 1962 ते 1992 या तीस वर्षांत त्याने सगळ्या अध्यक्षांना चिमटे काढले, स्वतःचा पक्ष मात्र कळू दिला नाही. मोजकीच चॅनेलं होती, निम्मं गिऱ्हाईक दुखावून चालणारं नव्हतं. केबल आल्यावर गिऱ्हाईकच विभागलं गेलं. 2015 मध्ये कोल्बेर मुखवटा उतरवून सीबीएसच्या ‘लेट शो’वर आला, ट्रम्प निवडून आल्यावर उघड बाजू घेऊन बोलू लागला आणि प्रेक्षकसंख्येत प्रतिस्पर्धी निवेदक जिमी फॅलनच्या पुढे गेला. 2021 मध्ये फॉक्स न्यूजने उजव्या प्रेक्षकांसाठी ग्रेग गटफेल्डला रोज रात्री बसवलं.

आता कोण कुणाचा, याबद्दल गैरसमज होत नाही. मात्र तिकडच्या विनोदवीरांनी यावर ‘क्लॅप्टर’ असा शब्द पाडलाय: वाक्य पटलं म्हणून प्रेक्षक टाळ्या पिटतात, हसत कुणीच नाही.